पिकलिंगच्या आम्लातून तांबं काढणारा मिक्सर-सेटलर: हिवाळा काढल्यानंतर

सर्व्हिसवाल्यांशी वाद अजून मिटलेला नाही, तरी लिहितोय. नाशिकच्या अंबड-सातपूरमध्ये तांब्याच्या बसबारचं (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचं) पिकलिंग, म्हणजे आम्लात बुडवून सफाई, करणारे बरेच जण हा सेट घ्यायचा विचार करतायत, त्यांना उपयोग होईल.

यात मिक्सरमध्ये पाणी आणि तेलकट द्रव घुसळायचे आणि सेटलरमध्ये त्यांचे थर वेगळे होऊ द्यायचे. तांबं उचलण्यात तो पक्का आहे. जुन्या आम्लात धुण्याचं पाणी मिसळून पीएच 2 च्या आसपास ठेवला की केरोसीनमधलं लिक्स 984एन हे तांबं पकडणारं केमिकल (या तेलकट द्रवालाच आम्ही ऑरगॅनिक म्हणतो) तांबं तेवढं घेतं, लोखंड आणि जस्त पाण्यातच राहतं. शिवाय तांब्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण दीड ग्रॅम सल्फ्युरिक परत मोकळं होतं. ते पाणी पुन्हा पिकलिंगला वापरायचं, याच हिशोबावर मी पैसे घातले.

आणि तिथेच घोडं अडलं. सेटलरमधलं ऑरगॅनिक परत मिक्सरमध्ये आणायची लाइनच यात दिलेली नाही! आमच्याकडे पाणी जास्त, ऑरगॅनिक कमी. अशा वेळी मिक्सरमध्ये पाण्याचं राज्य होतं, म्हणजे पाणी सलग आणि ऑरगॅनिक त्यात थेंबाथेंबाने, आणि ते बारीक थेंब पाण्याबरोबर निघून जातात. डिसेंबरच्या थंडीत तर थर सुटायलाच वेळ लागायचा. सकाळी टाकीवर इंद्रधनुषी तवंग. महागाचं केमिकल वाहून जातंय ते वेगळंच, पण त्या पाण्यात बुडवलेल्या बसबारवर नंतर चढवलेला चांदीचा मुलामा कडेने सोलून निघायला लागला. पाणी बाहेर सोडावं म्हटलं, तर नदीनाल्यासाठी तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम.

इंजिनिअर म्हणाला, "साहेब, स्टिररचा स्पीड कमी करा." केला. तवंग कमी झाला, पण पाणी निळसरच बाहेर यायला लागलं, म्हणजे तांबं तसंच राहिलं. हा काय उपाय झाला?

शेवटी अंबडच्या फॅब्रिकेटरकडून अर्धा इंची पीपी (प्लास्टिकचा) बॉल व्हॉल्व्ह टाकून लाइन करून घेतली. आता आधी नुसतं ऑरगॅनिक फिरवतो, मग हळूहळू पाणी सोडतो. मल्टिमीटरची टोकं मिक्सरमध्ये धरली की करंट जवळजवळ जात नाही, म्हणजे राज्य ऑरगॅनिकचं. तवंग जवळपास गेला, चांदी नीट धरते. त्यामुळे माझं मत बदललंय: यंत्र चांगलं आहे, विकणाऱ्यांनी ते अर्धवट दिलं.

स्ट्रिपिंगनंतर, म्हणजे ऑरगॅनिकमधलं तांबं तीव्र आम्लाने सोडवून घेतल्यावर, निघणारं मोरचूद बघण्यासारखं असतं, टपोरे निळेशार खडे. पिंपळगावचे एक द्राक्षवाले काका बोर्डोसाठी (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्यासाठी) मागत होते. मी नाही म्हटलं. त्यात आणखी कुठले धातू आहेत ते तपासल्याशिवाय बागेत द्यायचं नाही.

घेणाऱ्यांनी रिसायकल लाइन कोटेशनमध्येच लिहून घ्या. गॅस्केट व्हिटॉन रबराची मागा; ईपीडीएम रबराची केरोसीनने फुगतात. पिकलिंगमध्ये नायट्रिक असेल तर हे केमिकल घेऊच नका, खराब होतं.

व्हॉल्व्हचं बिल मी त्यांना पाठवलंय. पुढच्या केमिकलच्या ऑर्डरमध्ये वळतं करतो म्हणाले. मला पैसे रोख हवेत.