म्हाताऱ्या होत चाललेल्या स्टारला आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं का? 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' खेळून बघा

आधीच सांगतो, हा बॅट फिरवायचा गेम नाहीये. यात तुम्ही टीमचे जनरल मॅनेजर असता, समोर आकड्यांचे तक्ते, मेलबॉक्स आणि कुणाला किती पैसे द्यायचे ही डोकेदुखी. थ्रीडीमध्ये मॅच दिसते पण तेवढ्यासाठी हा गेम कुणी घेत नाही. नाशकात बेसबॉल फॉलो करणारे आम्ही बोटावर मोजण्याइतके, अमेरिकेतल्या संध्याकाळच्या मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारच्या आसपास सुरू होतात, सातपूरला फर्स्ट शिफ्टला निघायच्या आधी दोन-तीन इनिंग बघून होतात, बाकी दिवसभर स्कोअरवर समाधान. मग गाडी खेळाडूंच्या पगाराकडे वळते आणि एकच भांडण होतं, तिशी ओलांडलेल्या माणसाला एवढी वर्षं, एवढे पैसे, कुठल्या हिशोबाने?

हा गेम मी त्या भांडणासाठीच घेतला आणि त्या बाबतीत पैसा वसूल आहे.

गंमत अशी की मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सहा वर्षं सर्व्हिस झाल्याशिवाय खेळाडू मोकळ्या बाजारात येत नाही, म्हणजे बहुतेक जण येतात तेव्हा तिशीच्या आसपास असतात, आणि बॅटर ऐन भरात असतो साधारण सव्वीस ते एकोणतीसच्या वयात. म्हणजे दुकानात माल येतो तोच उतरणीला लागल्यावर, वर कॉन्ट्रॅक्ट गॅरंटीड, खेळाडू चालो न चालो पूर्ण रक्कम द्यायची. गेममध्ये हे सगळं आहे. टीममधून काढून टाकलं तरी पगार तुमच्याच खात्यातून जात राहतो.

मी मुद्दाम एका तेहेतीस वर्षांच्या फर्स्ट बेसमनला बोलावलं, बघू तरी काय होतं. करार करायच्या स्क्रीनवर प्रत्येक वर्षाच्या पगाराचा वेगळा रकाना असतो आणि खरा मोह तिथेच आहे. यंदा बजेट टाइट आहे ना, मग पहिल्या दोन रकान्यांत कमी टाका आणि शेवटच्या दोनांत फुगवा, तोपर्यंत कोण बघतंय. खेळाडूला सात वर्षं हवी, तुम्ही चार म्हणता, तो तोंड वाकडं करतो, तुम्ही पाचवं वर्ष टीम ऑप्शन म्हणून देता (ठेवायचं की नाही ते टीम ठरवणार), तो नो-ट्रेड मागतो (त्याच्या मर्जीशिवाय दुसऱ्या टीमला द्यायचं नाही), असं करत करत सातवर कधी सही झाली कळतही नाही. पहिली तीन वर्षं मजा. मग छत्तिशीला स्काउटचा रिपोर्ट येतो, वीस ते ऐंशीच्या स्केलवर जो कॉन्टॅक्ट (बॉलला बॅट लावायचं कौशल्य) पासष्ट होता तो पंचावन्न, पुढच्या सीझनला पंचेचाळीस, आणि पगाराचा रकाना मात्र दरवर्षी चढतोय. ट्रेड करायला गेलं तर समोरचे म्हणतात अर्धा पगार तुम्ही भरा. मालकाची मर्जी उतरत जाते ती वेगळीच, आणि फार उतरली तर तुमचीच नोकरी जाते.

हे बघताना अल्बर्ट पुजोल्स हा बॅटर आठवल्याशिवाय राहत नाही. कार्डिनल्स टीमकडे अकरा सीझन, बॅटिंगची सरासरी .328 (शंभरात जवळपास तेहेतीस हिट), 445 होम रन, तीनदा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. 2011 च्या डिसेंबरमध्ये एंजल्सने त्याला दहा वर्षांचे 24 कोटी डॉलर दिले, तेव्हा बत्तिशी महिन्यावर आली होती. रकानेसुद्धा तसेच, 2012 ला 1.2 कोटी डॉलर आणि 2021 ला 3 कोटी! एंजल्सकडे सरासरी .256 वर आली, दहा वर्षांत टीम प्लेऑफला एकदाच गेली, 2014 ला, तिथेही एक मॅच न जिंकता बाहेर, आणि 2021 च्या मे महिन्यात त्याला सोडून दिलं. पुढच्या वर्षी तो कार्डिनल्सकडे परत जाऊन एका वर्षाच्या करारावर 700 होम रन पार करून रिटायर झाला, म्हणजे भावनेचा भाग पण जुन्या टीमलाच मिळाला, एंजल्सला मिळाली बिलं.

पण लगेच सगळे लांब करार वाईट म्हणू नका. मॅक्स शेरझरला नॅशनल्सने तिसाव्या वर्षी सात वर्षांचे 21 कोटी डॉलर दिले, 2015 पासून. 2016 आणि 2017 ला साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस), 2019 ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, आणि तो तर पिचर, बॉल टाकणारा, खांदा कधी जाईल सांगता येत नाही. फरक एवढाच की टीम तेव्हा जिंकायच्या अवस्थेत होती, पहिल्या पाच वर्षांत वसुली झाली.

आणि एक टॅक्सची भानगड आहे जी मला गेम खेळताना जास्त पटली. मेजर लीगमध्ये कडक सॅलरी कॅप (पगारावरची कमाल मर्यादा) नाही, टीमचा एकूण पगार ठराविक रकमेच्या वर गेला की टीमला टॅक्स, आणि तो मोजतात कराराच्या वार्षिक सरासरीवर. त्यामुळे तेवढेच पैसे जास्त वर्षांवर पसरले की टॅक्सचा आकडा खाली येतो. सॅन डिएगोने 2022 च्या डिसेंबरमध्ये तीस वर्षांच्या झँडर बोगार्ट्सला अकरा वर्षांचे 28 कोटी डॉलर दिले ते काय चाळिशीत तो शॉर्टस्टॉपची चपळाईची फील्डिंग करेल म्हणून थोडेच, शेवटची वर्षं म्हणजे उधारीचा हप्ता समजायचा.

आमचे पिंपळगावचे मामा आले होते, द्राक्षवाले, मागे उभं राहून बघत होते. म्हणाले, "अरे, बाग जुनी झाली की व्यापारी मागच्या हंगामाचा माल बघून यंदाचा भाव देतो का? तुझे हे अमेरिकेवाले देतात?" मी म्हटलं मामा, देतात, आणि पुढच्या सात हंगामांचा आत्ताच लिहून देतात. चहा घेऊन निघून गेले.

आपल्या आयपीएलवाल्याला हे झेपतच नाही कारण आपल्याकडे दर काही वर्षांनी मेगा ऑक्शन, पर्स ठरलेली, चेन्नईने 2025 साठी धोनीला अनकॅप्ड म्हणून 4 कोटी रुपयांत ठेवला, तिकिटं खपली, जर्सी खपल्या आणि धोका जवळपास शून्य. बेसबॉलमध्ये अशी पळवाट नाही. मला विचाराल तर तेहेतिशीच्या पुढच्याला वर्षं कमी आणि रक्कम जास्त द्यावी, मेट्सने जस्टिन व्हरलँडरला एकोणचाळिसाव्या वर्षी दोन वर्षांचे 8.67 कोटी डॉलर दिले तसं. तो पण पहिला सीझन संपायच्या आत ट्रेड झाला आणि पगाराचा मोठा वाटा मेट्सनेच भरला, पण निदान 2031 पर्यंत तरी नाही भरावा लागला. लांब करार फक्त त्यानेच द्यावा ज्याची टीम येत्या तीन-चार वर्षांत खरंच जिंकू शकते, बाकीच्यांनी पोस्टर छापण्यापुरता स्टार आणू नये.

गेमबद्दल थोडं. वाचायला खूप आहे, मेनूत मेनू, पहिल्या आठवड्यात डोकं फिरेल, बेसबॉलचे नियम अजिबात माहीत नसतील तर आधी थोड्या मॅच बघा. सेटिंगमध्ये खेळाडू किती वेगाने म्हातारे होतील ते बदलता येतं, त्याला हात लावू नका, सगळी मजा जाईल. माझ्या जुन्या लॅपटॉपवर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना आरामात चालतो. परफेक्ट टीम म्हणून पत्ते गोळा करायचा मोड आहे, तिकडे मी गेलो नाही, खिशाला परत भोक नको. दरवर्षी नवीन एडिशन येतं तेव्हा आधीचं सेलमध्ये बरंच स्वस्त मिळतं, ताजे रोस्टर (टीममधल्या खेळाडूंच्या याद्या) नको असतील तर तेच घ्या.