कोजागिरी ते महालक्ष्म्या: नागपूरच्या हवेत सॅटिनच्या रॉडचे अकरा महिने

गेल्या कोजागिरीच्या आठवड्यात बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, सॅटिनचा रॉड आणला: स्पंज भरलेली लांब, मऊ दांडी, तिच्यावर केस गुंडाळून वाळवले की उष्णतेशिवाय वळण येतं. दीडशे रुपये, सोबत दोन कापडी रबर आणि एक क्लचर. आता महालक्ष्म्या आठवड्यावर आल्यात. या अकरा महिन्यांत केसांना वळणाचा गरम टाँग किंवा स्ट्रेटनर एकदाही लावलेला नाही, म्हणून आता लिहायला हरकत नाही असं वाटलं.

माझे केस कमरेपर्यंत, दाट आणि अगदी सरळ. त्याआधी दोन वर्षं प्रत्येक लग्नाला, प्रत्येक कार्यक्रमाला टाँग फिरवला. शेवटी शेंड्याची बट उजेडात धरली की बारीक पांढरे ठिपके दिसायचे, आणि जरा ओढलं की केस नेमका त्या ठिपक्यावर तुटायचा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, फार तर सव्वा वाढतो. म्हणजे माझ्या कमरेजवळचा शेंडा पाच वर्षांचा आहे. पाच वर्षं तेल-पाणी करून जपलेला केस असा हातात तुटून येतो तेव्हा खरंच जिवाला लागतं.

उष्णतेशिवाय केस वळतात ते पाण्यामुळे. केस ओला झाला की केराटिन या केसाच्या प्रथिनातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना, केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. टाँगही हेच बंध सोडतो, पण दोनशे अंशांच्या आसपास. त्या तापमानाला केसाचं प्रथिनच बिघडू लागतं. केस ओलसर असेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे धरतात, आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. रॉडमध्ये ही भीती नाही. तिथे पैसा नाही, वेळ द्यावा लागतो, आणि केस पूर्ण वाळणं ही एकच अट आहे. नागपुरात ती अट दर ऋतूत वेगळ्या तऱ्हेने पाळावी लागते.

पहिला महिना सगळा फसला. रात्री डोक्यावरून न्हाऊन टॉवेलने पुसलेले केस तसेच गुंडाळायची. सकाळी वरची बट वाळलेली आणि रॉडला चिकटलेली आतली बट ओलीच. सोडलं की तासाभरात सगळं सरळ. लांब केसांची ही खरी अडचण आहे: केस केसावरच गुंडाळला जातो आणि आतल्या थराला हवा लागत नाही. डिसेंबरच्या थंडीत तर बारा तासांनीही आत गारवा राहायचा. मग सकाळी न्हायला लागले, दिवसभर केस मोकळे, आणि रात्री गुंडाळण्याआधी फवाऱ्याने नुसता हात फिरवण्यापुरतं पाणी. माझी खूण अशी: बट मुठीत दाबली तर गार लागावी, पण तळहाताला ओल लागू नये.

गुंडाळताना रॉड डोक्यावरून आडवा ठेवायचा, क्लचरने अडकवायचा आणि कपाळापासून सुरू करायचं. प्रत्येक वेढ्याला मागची थोडी बट घ्यायची, चेहऱ्यापासून बाहेरच्या बाजूला. बट फितीसारखी सपाट राहिली पाहिजे. पीळ पडला तर वळण येत नाही, नुसती चुरगळ येते. मला एक रॉड पुरला नाही. आईच्या जुन्या सॅटिनच्या परकराची पट्टी काढून, आत स्पंज भरून दुसरा शिवला आणि मागचे केस त्यावर घेते. तेव्हापासून आतली बट ओली राहणं जवळजवळ थांबलं.

वळण टिकण्यासाठी जवस. आपल्याकडे चटणीला घरात असतोच. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचा, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळायचा. थंड झाला की गाळला जात नाही, कापडातच बसतो. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. शेंड्यांना वाटाण्याएवढा पुरतो. जास्त लावला की वाळल्यावर पांढरी पापडी सुटते आणि काळ्या कुर्त्यावर कोंड्यासारखी दिसते.

मे महिन्यात वाटलं होतं, आता तर पर्वणी. पारा ४५ च्या वर, दोरीवरचं लुगडं पाऊण तासात कडक होतं, केस वाळायला किती वेळ लागणार? झालं उलटंच. रोज सकाळी केस लोंबलेले. आठवडाभर कारण कळेना. मग नवतप्यात, मेअखेरीच्या त्या नऊ कडक दिवसांत, एका रात्री कुलरचा पंप बंद पडला. टाकीत पाणी होतं पण बाजूच्या गवती ताट्या कोरड्या, नुसता गरम वारा. आई रात्रभर वैतागली, "झोप नाही लागून राहिली बाप्पा." आणि सकाळी रॉड सोडला तर अकरा महिन्यांतले सगळ्यात सुंदर केस! एकेक वळण स्प्रिंगसारखं, रात्रीपर्यंत टिकलं. तेव्हा उमगलं की कुलर खोलीत रात्रभर ओली हवा सोडत होता आणि मी त्या ओल्या हवेत केस वाळवत होते. आता उन्हाळ्यात रात्री गुंडाळतच नाही. दुपारी जेवण झालं की बिनकुलरच्या मधल्या खोलीत रॉड बांधते, दोन-अडीच तासांत काम होतं आणि संध्याकाळच्या लग्नाला केस तयार.

पावसाळ्यात मात्र याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. हवेतली ओल तेच बंध पुन्हा सोडते. जुलैत घरून निघून धरमपेठेत पोहोचेपर्यंत अर्धं वळण गेलेलं असायचं. त्यावर स्कूटीवर हेल्मेट आणि आत स्कार्फ. निघताना केसांचा सैल अंबाडा घालून स्कार्फखाली घेतला आणि पोहोचल्यावर बोटांनी सोडला, तर लाटा राहतात. कंगवा अजिबात लावायचा नाही.

दोष सांगितलेच पाहिजेत. विकतच्या रॉडची शिवण तिसऱ्या महिन्यात उसवली आणि उघड्या स्पंजात केस अडकून ओढले गेले. वळण कानाच्या खालून सुरू होतं, मुळाशी केस चपटेच राहतात. लेअर कापलेल्या मैत्रिणीच्या समोरच्या बटा सारख्या निसटत होत्या, तिला हा प्रकार जमला नाही. आणि कृपया घट्ट बांधू नका. जानेवारीत चुलतबहिणीच्या लग्नासाठी सलग चार रात्री मी कसून बांधला. डोकं ठणकलं, कानशिलाजवळ बारीक पुळ्या आल्या आणि तिथले केस कंगव्यात येऊ लागले. असा ताण सतत राहिला तर तिथले केस कायमचे विरळ होऊ शकतात. मी महिनाभर रॉड बाजूला ठेवला. आता आठवड्यातून दोनदाच, आणि क्लचरखाली बोट सहज शिरेल इतका सैल.

जुने शेंडे मात्र कशानेच सुधारले नाहीत. चार बोटं कापावेच लागले. पण त्यानंतरच्या शेंड्यांत पांढरे ठिपके नाहीत, वेणीची टोकं आता झाडूसारखी पसरत नाहीत. गेल्या रविवारी तेल लावताना आईने वेणी हातावर तोलून पाहिली आणि म्हणाली, "भरली गं आता." महालक्ष्म्यांच्या जेवणाला पाऊस असणारच, म्हणून त्या दिवशी सकाळी दोन सैल वेण्या, थोडा जवस, आणि पंगती उठल्यावर सोडणार आहे.