'कम्प्लीट स्टुडिओ किट' घेताना मला कसं गंडवलं ते सविस्तर लिहितेय, घरी गाणं रेकॉर्ड करायचा विचार असेल तर वाचाच

मला गायची आवड आहे. स्टेजवर वगैरे जात नाही, घरी गाते, मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये गाते. फार वर्षं मनात होतं की चार गाणी तरी नीट रेकॉर्ड करून ठेवावीत, मोबाईलमध्ये येतो तसा लांबून आल्यासारखा आवाज नको, कानाशी बसून कुणी गातंय असं वाटलं पाहिजे. यातलं मला काही कळत नव्हतं. बजेटही बेताचंच. त्यामुळे वेगवेगळ्या वस्तू शोधत बसण्यापेक्षा एका बॉक्समध्ये सगळं मिळतंय म्हटल्यावर मी लगेच तिकडे वळले, आणि तिथेच अडकले.

किटमध्ये काय काय लिहिलं होतं ते सांगते कारण हेच शब्द तुम्हालाही दिसणार आहेत. 'लार्ज डायफ्राम स्टुडिओ कंडेन्सर माईक', '४८ व्होल्ट फँटम पॉवरवाला इंटरफेस, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ', स्टँड, पॉप फिल्टर, केबल आणि वर 'साउंडप्रूफ' फोमच्या शीट्स. (तेव्हा मलाही माहीत नव्हतं म्हणून सांगते: डायफ्राम म्हणजे आवाजाने थरथरणारा पातळ पडदा, कंडेन्सर म्हणजे चालायला वीज लागणारा संवेदनशील माईक, ती वीज माईकच्या केबलमधूनच जाते तिला फँटम पॉवर म्हणतात, आणि इंटरफेस म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा.) सोबत एक डेमो व्हिडिओ, एक मुलगी माईकसमोर उभी राहून गातेय आणि आवाज असा स्वच्छ, असा गोड की मी तो व्हिडिओ चार-पाच वेळा तरी ऐकला असेल, बहिणीलाही ऐकवला, ती म्हणाली घेऊन टाक.

बॉक्स आला. माईक दिसायला सुंदर, काळी बॉडी, वर सोनेरी जाळी, इंटरफेसवर '४८ व्ही' लिहिलेलं बटण, दाबलं की निळा लाईट लागतो. जोडलं सगळं, हेडफोन लावले आणि पहिल्यांदा ऐकू आला तो नुसता सूंऽऽऽ असा आवाज, रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की येतो ना तसा. गेन (माईकचा आवाज किती वाढवायचा ते बटण) कमी केला तर मी ऐकू येईना, वाढवला तर माझ्याबरोबर तो सूंऽऽऽ पण तेवढाच वाढायचा, आणि फोनचा चार्जर जवळ असला की वर आणखी घूंऽऽ.

लगेच विक्रेत्याला मेसेज टाकला. उत्तर दहा मिनिटांत! इतका नम्र माणूस, "मॅडम अजिबात काळजी करू नका, आम्ही शेवटपर्यंत सपोर्ट देतो". त्याने लगेच फोन नंबर दिला आणि म्हणाला चॅटवर कशाला, फोनवरच बोलू, पटकन सुटेल. मला वाटलं किती चांगली सर्व्हिस आहे. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे लेखी असं काहीही नव्हतं, जे काही बोलणं झालं ते सगळं फोनवर.

रिटर्नची मुदत १० दिवसांची होती. पहिल्या दिवशी तो म्हणाला ड्रायव्हर बदला. दुसऱ्या दिवशी म्हणाला तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट वीक आहे, दुसऱ्या लॅपटॉपवर बघा, तो मागून आणण्यात दोन दिवस गेले. मग म्हणाला तुम्ही माईकच्या उलट्या बाजूने गाताय (हे एक मात्र खरं असू शकतं, मोठ्या कंडेन्सरमध्ये टोकाकडून नाही तर बाजूने गायचं असतं आणि पुढची बाजू ठरलेली असते, पण मी योग्य बाजूनेच गात होते). मग सहाव्या दिवशी म्हणाला, मॅडम तुमच्या आवाजात थ्रो (म्हणजे जोर) नाहीये, प्रोफेशनल माईक असे नाजूक आवाज उचलत नाहीत, तुम्हाला 'सिग्नल बूस्टर' लागेल, तो वेगळा घ्या.

आणि मी घेतला. तो यायला तीन दिवस लागले. लावला तर आवाजच येईना, मघाशी निदान सूंऽऽऽ तरी येत होतं. तो म्हणाला पीस डिफेक्टिव्ह दिसतोय, बदलून देतो, दोन दिवस थांबा. थांबले. अकराव्या दिवसापासून फोन उचलणं बंद.

पैसे गेले याचं वाईट वाटलंच. पण ते 'आवाजात थ्रो नाही' जे आहे ना, ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं. मला खरंच वाटायला लागलं की दोष माझ्या गळ्यातच आहे, इतकी वर्षं सगळे प्रेमापोटी छान म्हणत होते. जवळजवळ चार महिने मी गायलेच नाही. ग्रुपमध्ये कुणी आग्रह केला तर घसा बसलाय सांगायचे. एका माणसाने माल खपवायला मारलेल्या एका वाक्यामुळे. म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितेय, कारण नवशिक्या गाणाऱ्याला असं काही ऐकवणं किती सोपं असतं आणि त्याचं मन किती पटकन विश्वास ठेवतं ते मी भोगलंय.

पुढे ओळखीतला एक दादा, जो लाईव्ह कार्यक्रमांचं साउंड करतो, घरी आला होता. कोपऱ्यात धूळ खात पडलेला माईक त्याने हातात घेतला, नुसता तोलून बघितला आणि म्हणाला हा फार हलका आहे गं, उघडू का? खालची रिंग फिरवून काढली, बॉडीची नळी सरकवली, वरची सोनेरी जाळी काढली. त्या एवढ्या मोठ्या जाळीच्या आत मधोमध प्लास्टिकच्या एका कप्प्यात शर्टाच्या बटणाएवढी गोल चकती बसवलेली. बाकी सगळी पोकळी. खऱ्या लार्ज डायफ्राम माईकमध्ये साधारण एक इंचाचा म्हणजे २५ मिलीमीटरच्या आसपासचा कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) असतो असं त्याने सांगितलं, आणि ही तर साध्या हेडसेटमध्ये असते त्या जातीची छोटी इलेक्ट्रेट चकती. तिच्यापासून खाली फक्त दोन वायरी आलेल्या. एक्सएलआरला (माईकच्या केबलच्या गोल कनेक्टरला) पिना तीन असतात, तिसऱ्या पिनेला काही जोडलेलंच नव्हतं.

हे मला तेव्हा समजलं नाही, त्याने समजावलं ते जमेल तसं लिहिते. तीन पिनांमध्ये १ नंबर ग्राउंड, आणि २ आणि ३ वर तोच सिग्नल एकमेकांच्या उलट जातो, वाटेत बाहेरचा गोंगाट शिरला तर तो दोन्हीत सारखाच शिरतो आणि पुढे इंटरफेसमध्ये वजा होऊन जातो. माझ्या माईकमध्ये तिसरी पीन मोकळी, म्हणजे वजा करायला काही नाहीच, म्हणून चार्जर जवळ आला की घूंऽऽ. मग त्याने मल्टिमीटर काढला, डीसी व्होल्टवर ठेवला, निळा लाईट चालू केला आणि केबलच्या टोकाला माप घेतलं. खरी फँटम पॉवर असेल तर १ आणि २ मध्ये, आणि १ आणि ३ मध्ये, दोन्हीकडे ४८ च्या जवळपास आकडा यायला हवा (४४ ते ५२ मध्ये चालतं). आमच्याकडे एकीकडे ४.७ आणि दुसरीकडे शून्य. निळा लाईट हा फक्त लाईटच होता.

आता तो बूस्टर. अशी वस्तू खरोखर असते, पण ती डायनॅमिक किंवा रिबन या दुसऱ्या जातींच्या माईकसाठी, ज्यांचा सिग्नल मुळात बारीक असतो. ती स्वतः ४८ व्होल्टवर चालते आणि सहसा पुढे माईकला व्होल्टेज जाऊ देत नाही. म्हणजे कंडेन्सरला ती लावायचीच नसते, आणि माझ्या इंटरफेसमध्ये तर ४८ व्होल्टच नव्हते. ती चालणं शक्यच नव्हतं. हे विकणाऱ्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही, त्याला फक्त मधले पाच दिवस हवे होते.

इंटरफेसचं २४ बिट १९२ पण तसंच निघालं. (बिट म्हणजे आवाज किती बारकाईने मोजला जातो ते, आणि किलोहर्ट्झचा आकडा म्हणजे सेकंदाला किती हजार वेळा मोजला जातो ते.) कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये बघायचं, किती बिट किती हर्ट्झ निवडता येतात ते तिथे दिसतं. माझ्याकडे एकच ऑप्शन, १६ बिट ४८०००. तसं बघायला गेलं तर गाण्यासाठी १९२ ची गरजही नाही, सीडी १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झवर असते आणि माणसाला ऐकू येतं जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत, ते त्यात आरामात बसतं. २४ बिटचा मात्र उपयोग आहे, थोडं खालच्या लेव्हलला रेकॉर्ड करून नंतर वाढवता येतं. पण मोठा आकडा बघितला की आपण भुलतो हे त्यांना बरोबर माहीत असतं.

आणि गंमत बघा, काही नसलं तरी माईकचा एक आकडा त्यांनी खरा छापला होता, मला तो वाचता येत नव्हता इतकंच. 'एस/एन रेशो ६० डीबी', म्हणजे आवाज आणि माईकचा स्वतःचा गोंगाट यांतलं अंतर. वाचायला चांगलं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. हा रेशो ९४ डीबीच्या आवाजाशी तुलना करून देतात, म्हणून ९४ मधून ६० वजा केले की राहिलेले ३४ डीबी हा माईकचा स्वतःचा गोंगाट. शांत बेडरूम ३० डीबीच्या आसपास धरतात, म्हणजे खोलीपेक्षा माईकच जास्त आवाज करतोय. आता रोड (Rode) कंपनीच्या एनटी१-ए माईकचा स्वतःच्या गोंगाटाचा आकडा कंपनी ५ डीबी देते. त्यामुळे यापुढे 'सेल्फ नॉईज' किंवा 'इक्विव्हॅलंट नॉईज लेव्हल' शोधा, दिलेला नसेल तर एस/एन वरून वजाबाकी करा, आणि दोन्ही नसेल तर त्या कंडेन्सरच्या नादी लागूच नका.

फोमबद्दल थोडक्यात. पातळ फोम बाहेरचा आवाज अडवत नाही, त्याला जड भिंत लागते. तो फक्त खोलीतली वरच्या पट्टीतली घुमण थोडी कमी करतो. त्यापेक्षा गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड गोधडी टांगा, कारण कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो आणि तुमच्या पाठीमागची भिंत त्याच्या समोर असते.

मग आम्ही तो डेमो व्हिडिओ परत लावला, या वेळी हेडफोनवर. दादाने एकच विचारलं, माईक तिच्यापासून किती लांब आहे? हातभर लांब. आणि आवाज ओठांना माईक लावल्यासारखा, खोली अजिबात नाही. हातभर अंतरावरून गायलं की खोली ऐकू येतेच. शिवाय दोन ओळींमध्ये ती श्वास घेताना दिसते पण श्वास ऐकू येत नाही, तिथे एकदम काळीकुट्ट शांतता, आणि मग ओळीचा पहिला शब्द किंचित छाटल्यासारखा सुरू होतो. तो आवाज त्या माईकचा नव्हताच, दुसरीकडे रेकॉर्ड करून, साफ करून वर चिकटवलेला.

मी तक्रार केली, उघडलेल्या माईकचे फोटो, मल्टिमीटरचा फोटो सगळं दिलं. उत्तर आलं की रिटर्नची मुदत संपली आहे, आणि आधी तक्रार केल्याचा लेखी पुरावा नाही. आतापर्यंत हातात काही आलेलं नाही.

म्हणून सांगते, घेण्याआधी विक्रेत्याकडून न कापलेली, इफेक्ट न लावलेली वेव्ह फाईल (न दाबलेली मूळ रेकॉर्डिंग, .wav) मागा, ज्यात तो तुमचं नाव घेईल आणि मग १० सेकंद काहीच न बोलता गप्प बसेल. ते १० सेकंदच सगळं सांगतात. खरा माणूस दोन मिनिटांत पाठवतो. बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा. पहिल्या दोन दिवसांत हे सगळं तपासा, आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधीचा अलार्म लावा, त्या दिवशी वस्तू चालत नसेल तर समोरचा कितीही गोड बोलो, परत पाठवून द्या. फोनवर बोलूच नका, जे काय ते लिहून. आणि तुमच्या आवाजाला नावं ठेवली की तिथेच थांबा, नीट चालणारा माईक कुजबुजही उचलतो.

मी आता साधा डायनॅमिक माईक वापरते, त्याला फँटम लागत नाही आणि घरातला पंखा-बिंखा पण कमी उचलतो, फक्त जवळून गावं लागतं आणि इंटरफेसला गेन भरपूर लागतो. तो सेकंडहँड घेताना पण एकदा वाचले. शुअरच्या एसएम५८ च्या नकला भरपूर फिरतात (१९६६ पासूनचं मॉडेल, सगळ्यांना माहीत, म्हणून), कंपनी वजन २९८ ग्रॅम देते, दादाने काटा सोबत नेला होता, त्या माणसाचा माईक बराच हलका भरला, आम्ही नमस्कार करून परत आलो. वजन बरोबर भरलं म्हणजे अस्सलच असं नाही, पण कमी भरलं तर विषय संपला.

परवा तेच किट परत दिसलं. नाव बदललंय, बॉक्सचा रंग बदललाय, विकणाऱ्याचं नाव पण दुसरंच. डेमो तोच आहे. सोनेरी जाळीचा माईक हातभर लांब, आणि दुसरी ओळ सुरू व्हायच्या आधी तिचे खांदे वर जातात पण श्वास ऐकू येत नाही. मी खाली फोटोंसकट रिव्ह्यू टाकला होता, काल बघितलं तर तो काढून टाकलेला आहे. आज परत टाकलाय.