सिएरा नेवाडाची घरगुती नक्कल: आठ महिने, सहा बॅच आणि एक गळकी तोटी

सिएरा नेवाडा ब्रुअरीच्या पेल एल या बीअरची नक्कल करायचं किट आणलं आहे. शनिवारी त्याची सहावी बॅच बाटल्यांत भरली आणि बादलीची तोटी पुन्हा गळली. म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर आळसात राहूनच गेलं असतं.

किट नेहमीचंच, पाच गॅलनचं: माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाचा अर्क), भिजवायला थोडं क्रिस्टल माल्ट (भाजलेलं जव), कडवटपणा आणि वासासाठी कॅस्केड जातीची हॉप्सची फुलं, आंबवायला कोरडं यीस्ट. शिवाय दोन बादल्या. एक आंबवायची, दुसरी तळाशी प्लास्टिकची तोटी असलेली, बाटल्या भरायची. कृतीत शिरत नाही. मूळ पेल एल 5.6 टक्के अल्कोहोलची, माझीची घनता आंबताना चांगल्या दिवशी 1.053 वरून 1.011 वर उतरते, म्हणजे साडेपाच टक्के धरा.

आता तोटी. पहिल्याच दिवशी पाणी भरून पाहिलं तर नटापाशी थेंब. आवळली. वायसर उलटा घातला. प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली. आठ सेकंदांनी पडणारा थेंब बारा सेकंदांनी पडू लागला, एवढीच प्रगती. विक्रेत्याला मेल केली. "व्हिडिओ पाठवा." पाठवला. "तुम्ही जास्त आवळली असेल." नवी तोटी चार डॉलरची आणि तिचं पोस्टेज नऊ! मी घेतली नाही, घेणारही नाही.

पहिली बॅच तयार झाली, बाटली उघडली आणि बायकोने आतल्या खोलीतून विचारलं, "अरे, डेटॉल सांडलंय का कुठे?" अठ्ठेचाळीस बाटल्या, सगळ्यांना तोच वास. माझं निदान तयार होतं: तोटीच्या फटीत जंतू बसलेत. विक्रेत्याचंही तयार होतं: तुमची स्वच्छता कमी पडली. दुसऱ्या वेळी तोटी सुटी करून रात्रभर सॅनिटायझरमध्ये बुडवून ठेवली. बॅच आली, डेटॉल हजर.

इथे मला माझे शब्द गिळावे लागले. दोष नळाचाच होता, पण स्वयंपाकघरातल्या. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोत राहतो आणि इथल्या पाण्यात 2004 पासून क्लोरामाइन हे जंतुनाशक असतं. नुसतं क्लोरीन असतं तर भांडं रात्रभर उघडं ठेवून उडून गेलं असतं. क्लोरामाइन चिवट. ते बीअरमधल्या फिनॉल नावाच्या संयुगांशी जुळतं आणि औषधी वासाचं क्लोरोफिनॉल तयार होतं. डेटॉलमधलं औषधही त्याच गोत्रातलं. मी उकळून झाल्यावर वरून थंड पाणी थेट नळाचंच घालत होतो. उपाय कॅम्पडेनची गोळी, म्हणजे क्लोरामाइन मोडणारी सल्फाइटची गोळी. एक गोळी 20 गॅलनांना पुरते, मी अर्धी चुरून सगळ्या पाण्यात आधीच घालतो. शंभर गोळ्यांची बाटली आणली आहे, नातवंडांना पुरेल.

तिसऱ्या बॅचची बाटली उघडली आणि पपनस सोलल्यासारखा वास आला. तोच तो कॅस्केड! मूळ बाटली शेजारी ओतून पाहिली. माझी रंगाने जरा गडद, एक्स्ट्रॅक्टमुळे असेल, आणि फेस लवकर बसतो. कडवटपणात फरक सांगता येईना. मित्राला न सांगता दोन्ही दिल्या, तर त्याने माझी 'खरी' ठरवली. त्याचं मत मी फारसं धरत नाही, पण लिहून ठेवलंय.

सगळ्यात जास्त आनंद मात्र फुकटच्या यीस्टचा. घरात दह्याचं विरजण जपतो आणि यीस्टला दर वेळी सहा डॉलर मोजायचे, हे पटत नव्हतं. ही पेल एल बाटलीतच पुन्हा आंबते, त्यामुळे तळाशी जिवंत यीस्टचा साका असतो. तीन बाटल्यांचा शेवटचा घोट ठेवला, पातळ माल्ट उकळून गार केलं, त्यात तो साका सोडला. दोन दिवस काही नाही. मी आशा सोडली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीच्या काठाला साबणासारखी बारीक फेसाची कडी दिसली. मग तेच दोनदा वाढवलं. चौथ्या बॅचपासून पाकीट फोडलेलं नाही. एका बॅचचा तळ पुढच्या बॅचला. जाणकार या यीस्टलाच 'चिको' म्हणतात, ब्रुअरीच्या गावावरून. ती 1980 साली काढणारे केन ग्रॉसमनही आधी घरीच बीअर करायचे आणि त्याच सामानाचं दुकान चालवायचे. त्यांच्या तोट्या गळत होत्या का, कोण जाणे.

एक तक्रार नक्कलेची: पपनसाचा वास दोन महिन्यांत मावळतो आणि ओल्या पुठ्ठ्याची चव येऊ लागते. हवा लागली की असं होतं. हवा कुठून लागते याबद्दल माझा संशय कायम आहे, आणि तो प्लास्टिकचा आहे. म्हणून साठवू नका, पिऊन टाका. अमेरिकेच्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन चालतात, आम्ही 30 वर आहोत.

किटला आधी दोन तारे दिले होते. डेटॉलचा आरोप मागे घेऊन चार करणार होतो, पण साडेतीनच. शनिवारी तोटीखाली पोह्याचा वाडगा ठेवला होता. भरणं संपलं तेव्हा त्यात मोजून दीडशे मिली बीअर होती. प्यायलो.