जन्मभर कूलरच्या ताट्या बांधल्या अन् एसी म्हणून डबडं घेतलं, ५१,९९४ रुपये गेले

पहिलेच सांगतो, हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या. ही पूर्ण गोष्ट मी दोन-अडीच महिने गावात कोणाला सांगितली नव्हती, बायकोला पूर्ण आकडा पंधरा दिवसांनी सांगितला अन् पुण्याच्या पोराला तर अजूनही अर्धाच माहीत आहे. पूर्ण आकडा ५१,९९४ रुपये. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता, म्हणजे सात क्विंटलच्या आसपास कापूस गेला असं समजा, अन् त्यात वेचाईची मजुरी अन् फवारे धरलेच नाहीत.

आता मला एसीची हौस होती असं कोणी म्हणू नका. आमचं वऱ्हाडातलं गाव, जुनं घर, माजघराच्या भिंती मातीच्या, वरतून टिना. आई ७८ वर्षाची आहे. मागच्या साली नवतप्यात (मे अखेरचे ते नऊ तापाचे दिवस) तिला ऊन लागलं, तीन दिवस सलाइन, डॉक्टर म्हणे म्हातारीला गार जागेत ठेवा. आपला कूलर आहेच, पण जून लागला, हवेत दमटपणा आला की कूलर नुसता चिकचिक करते, हे विदर्भात कोणाला सांगाव लागत नाही. स्प्लिट एसी पाहायला गेलो तर मिस्त्री म्हणे या भिंतीवर बाहेरचं युनिट ठोकलं तर भिंतीसकट खाली येईन. अन् पौषात पुन्हा आईचे गुडघे धरतात, रात्री शेकोटीशिवाय झोप नाही. म्हणून मनात आलं की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेता येईन असा एसी पाहावा, उन्हाळ्यात थंड अन् हिवाळ्यात गरम. अशी वस्तू खरंच असते, माझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढं.

एप्रिल २०२५. चंद्रपूर ४५ पार झालं म्हणून टीव्हीवर रोज तेच. अन् मोबाइलवर मी दोन-चार वेळा शोधलं तर मग काय, जाहिरातींचा पाऊसच सुरू झाला. त्यातली एक मराठीत होती, म्हणून जास्त भरवसा वाटला (मराठी पण कशी, ‘आपल्या खोलीला थंड बनवा मिनिटांत’, कोणी माणूस असं बोलते का, पण तेव्हा ते दिसलं नाही). पोर्टेबल एसी, हॉट अँड कोल्ड, २४,९९९ चा आज फक्त ७,४९९ ला, शेवटचे ९ नग, खाली घड्याळ उलटं पळून रायलं. ९९९ ॲडव्हान्स, बाकी ६,५०० माल हातात आल्यावर. मी म्हटलं, पैसे तर माल आल्यावरच द्यायचे आहेत, बुडते काय त्यात.

अन् हेच ते, ज्याच्यासाठी मी स्वतःला अजून शिव्या देतो. त्या व्हिडिओत एक बाई मशीनच्या वरतून जगानं पाणी ओतून रायली होती, त्यात बर्फाचे खडे. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. चार वेळा! अरे बावा, एसीत पाणी टाकते का कोणी? एसी तर हवेतलं पाणी काढून बाहेर टाकते, पाइपातून थेंब थेंब गळते ते कोणत्याही बँकेच्या मागं जाऊन पाहून घ्या. पाणी लागते ते कूलरला. मी दर साली मार्चमध्ये कूलर खाली काढतो, टाकी घासतो, ताट्या बदलतो, पंपाची जाळी साफ करतो, चाळीस वर्षं झाली. विदर्भाच्या माणसाला कूलर ओळखू आला नाही, याची लाज पैशापेक्षा जास्त आहे.

दुसरा मोका डिलिव्हरीच्या दिवशी आला. एसी येणार म्हणून मी शेजारच्या दोन पोट्ट्यांना बोलावून ठेवलं होतं, उतरवायला. माजघरातली खाट सरकवली. खालून धक्का लागू नये म्हणून पोतं अंथरलं. कुरिअरवाला मोटरसायकलवर आला अन् डबा त्याच्या दोन मांड्यांमध्ये होता. एका हातानं उचलून दिला. मी त्याला म्हणतो, ‘अन् एसी कुठं आहे?’ तो म्हणे, ‘काका, हेच पार्सल हाय, मले काय मालूम आत काय हाय.’ म्हटलं उघडून दाखव. तर म्हणे पहिले पैसे, मंग उघडा, आमाले परमिशन नाही. दोन्ही पोट्टे पाहून रायले, बायको दारात, आई आतून विचारून रायली ‘आलं का रे’, अन् मी खिशातून ६,५०० मोजून दिले. तेव्हा ‘नाही घेत, वापस ने’ म्हटलं असतं तर ९९९ वरच भागलं असतं. पण इतके लोक जमवून ठेवले होते ना मीच, त्यांच्यासमोर डबा वापस पाठवायची मला लाज वाटली. लाजेपोटी दिलेले पैसे आहेत ते, दुसरं काही नाही.

आत डबडं निघालं, पाव ठेवायच्या डब्याएवढं. नंतर किराण्याच्या काट्यावर ठेवलं, १ किलो १४० ग्रॅम. समोर पंखा, आत कागदाच्या जाळीची पट्टी, वर पाणी टाकायचं भोक. पिन नाही, मोबाइलच्या चार्जरला लावायची यूएसबी वायर. बुडाला स्टिकर, ५ व्होल्ट, २ ॲम्पियर. म्हणजे १० वॅट. घरातला एलईडी बल्ब ९ वॅटचा आहे! अन् हॉटचं बटन दाबलं की काय होते सांगू? लाल लाइट लागते. बस. कोल्डला निळी लाइट, हॉटला लाल. साधा खोलीतला हिटर १,००० ते २,००० वॅट घेते, हे १० वॅटमध्ये काय गरम करणार, चिमणीचं घरटं?

आता यात मला जास्त काय लागलं ते सांगतो. बियाण्याचं पाकीट घेताना मी लॉट नंबर वाचतो, मुदत पाहतो, पक्कं बिल घेतो, फाडताना टॅग जपून ठेवतो अन् मूठभर बी पाकिटासकट पीक निघेपर्यंत ठेवून देतो. आमच्याकडं बोगस बियाण्यानं किती घरं बुडाली ते माहीत आहे म्हणून. गावात चार जणांना मीच सांगतो हे. अन् या डब्यावर ना आयात करणाऱ्याचं नाव, ना पत्ता, ना एमआरपी, ना कोणत्या देशाचा माल. हे सगळं डब्यावर छापणं कायद्यानं लागते. वेबसाइटवर पण विकणाऱ्याचं खरं नाव-पत्ता अन् तक्रार अधिकारी लागते, २०२० चे ई-कॉमर्सचे नियम आहेत. ऑर्डर करायच्या पहिले तेवढं एक पान खाली सरकवून पाहा, पत्ता नसन तर तिथंच सोडा.

खरा पोर्टेबल एसी कसा असते ते मग तालुक्याच्या मेकॅनिककडून समजून घेतलं, फुकटात, चहा मात्र मी पाजला. त्याला मागून हाताच्या पंजापेक्षा जाड पाइप असते, गरम हवा खिडकीतून बाहेर फेकायला, अन् पाइप नसन तर तो एसी नाहीच, मग कोणी काही म्हणो. आत कॉम्प्रेसर, गॅस, म्हणून वजन २५ ते ३५ किलो, खाली चाकं. एक टनाचा हजार-बाराशे वॅट ओढते. पाइपाच्या बाजूची फट फळीनं नाहीतर थर्माकोलनं बंद करा लागते, नाहीतर तो आतली हवा बाहेर फेकते तेवढीच बाहेरची लू फटीतून आत येते. आमच्या टिनाच्या घरात तर ती पन्नास जागांहून येईन, हेही त्यानं सांगितलं, म्हणजे खरा घेतला असता तरी अर्धाच उपयोग होता. गरम करणारा पाहिजे तर त्याच गॅसचं चक्र उलटं फिरवणारा घ्यायचा, तो विजेत परवडते, नुसती कॉइल तापवणारा बिल वाढवते. अन् संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की आमचं व्होल्टेज १७० वर येते, तर स्टॅबिलायझर वेगळा. अशी वस्तू साडेसात हजारात कशी येईन? पण ७,४९९ चा आकडा पाहिला अन् डोकं बंद झालं.

इथंच थांबलो असतो तर ७,४९९ वर मिटलं असतं. पण राग डोक्यात गेला होता. विकणाऱ्याच्या व्हॉट्सॲप नंबरवर फोटो टाकले, दोन निळ्या टिक आल्या, मग ब्लॉक. म्हणून मी नेटवर त्या वेबसाइटच्या नावापुढं ‘कस्टमर केअर’ लिहून शोधलं. राजेहो, हे कधीच करू नका. जो नंबर वर आला तो लावला, एका पोरानं इतक्या अदबीनं हिंदीत बोलणं केलं की मीच त्याला सॉरी म्हटलं. रिफंड होईन म्हणे, फक्त फॉर्मसाठी एक ॲप घ्या. ॲप घेतलं, त्यात दिसलेला नंबर त्याला सांगितला, माझी स्क्रीन त्याला दिसायला लागली. मग म्हणे खातं चालू आहे का ते पाहायला ५ रुपये पाठवा. पाठवले. पिन टाकला. ४ वाजून १२ मिनिटांनी २४,९९० गेले, ४ वाजून १५ मिनिटांनी १९,५००. कापसाच्या चुकाऱ्याचे होते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागते, हे मी स्वतः बचत गटाच्या बायांना सांगितलेलं वाक्य आहे. पण त्या टायमाला माणूस आपला नसते, जो म्हणते की मी नसतो फसलो, त्याला एक दिवस असा राग येऊ द्या मग पाहू.

अन् मी काय केलं, मोबाइल बंद करून वावरात जाऊन बसलो. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मला माहीत होता, तरी लावला दुसऱ्या दिवशी सकाळी. सोळा तास. तेवढ्यात पैसा या खात्यातून त्या खात्यात असा पाच-सहा जागी फिरून जाते. तुमचं असं झालं तर लाज नंतर करा, पहिले १९३० लावा, त्याच मिनिटाला, अन् तक्रारीचा नंबर लिहून घ्या. ॲप काढून टाका, पण मेसेज काही डिलीट करू नका.

आता ऑफिसांची गोष्ट. तालुक्याची बँक २२ किलोमीटर, गेलो तेव्हा जेवणाची सुट्टी, सुट्टी संपली तर साहेब मीटिंगमध्ये. अर्ज लिहिताना बाबू म्हणे, ‘पाच रुपये कायले लिहिता काका, मोठा आकडा लिहा’, म्हणून ४४,४९० लिहिले. तिसऱ्या चकरेला उत्तर मिळालं की पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक काढून दाखवलं, तेही माझ्याच बोकांडी बसलं, ग्राहकाची चूक असन तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. बरं, कळवल्यावर तरी काय केलं? ३० दिवसांत समाधान नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येते, हेही मला पोरानं सांगितलं, बँकेनं नाही.

ठाण्यात गेलो तर म्हणे सायबरचं जिल्ह्याला. जिल्ह्याला गेलो, ७० किलोमीटर, तर म्हणे पहिले तुमच्या ठाण्यात नोंद करा. मी झिरो एफआयआर (कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते ती) म्हटलं तर जमादार माझ्याकडं असा पाहते की मीच कोणाची म्हैस चोरून आणली. अन् डबड्याचं सांगितलं तर काय म्हणे ऐका, ‘सामान तर भेटलं ना तुमाले? मंग फसवणूक कशी?’ मी डबडं टेबलावर ठेवलं, लाल लाइट लावून दाखवली, तर दोन शिपाई पाहायला आले, एकानं विचारलं कितीले भेटलं, पोरासाठी पाहून रायला होता तो. बाजूचा म्हणे एवढे समजदार दिसता अन् असं कसं केलं. हे वाक्य मी अकरा चकरांमध्ये प्रत्येक खिडकीवर ऐकलं. अरे, चोराला विचारा ना कधी तरी! शेवटी कुठल्यातरी खात्यात माझे ३,२०० रुपये होल्ड झाल्याचं कळलं, पण ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणे. वकील दोन हजार मागते.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला पण डबड्याची तक्रार टाकून ठेवली आहे, विकणाऱ्याचा पत्ताच नाही तर नोटीस कोणाला जाईन ते माहीत नाही. तरी टाकून ठेवा तुम्ही. अन् डबा उघडताना पहिल्यापासून व्हिडिओ काढा, लेबलसकट, माझ्याकडं तोच नाही.

डबडं आईच्या उशाशी आहे. पाणी टाकत नाही त्यात, आई म्हणते निळी लाइट रात्री बरी दिसते, उठताना चष्मा सापडते. साडेसात हजाराचा झिरो बल्ब. कूलरच्या ताट्या यंदा पुन्हा मीच बदलल्या.

परवा आणखी एक फोन आला. सायबर विभागातून बोलतो म्हणे, पैसे मिळाले आहेत, फक्त फाइल चार्ज २,१०० भरा. मी ऐकून घेतलं. मग तो म्हणे, ‘सर, ४४,४९५ वाला केस आपका ही है ना?’

बँकेच्या अर्जात ४४,४९०. ठाण्याच्या कागदावर ४४,४९०. १९३० ला मी ४४,४९० च सांगितले होते. ते पाच रुपये कोणत्याच तक्रारीत नव्हते, मी सोडून ते घेणाऱ्यालाच आठवणार. मी नंबर, टाइम सगळं लिहून त्याच दिवशी ठाण्यात नेलं, म्हटलं हाच तो आहे, हे पाच रुपये पाहा.

जमादारानं कागद दोन वेळा पाहिला. म्हणे, ‘या वेळी पैसे गेले का? नाही ना? मंग तक्रार कायची?’