४१ हजार किमीची पुणे पासिंग की ९६ हजार किमीची सातारा पासिंग? दामटलेली गाडी ओळखायची कशी

मेव्हण्याला सेकंड हँड स्विफ्ट घ्यायची होती आणि शेवटी दोनच गाड्या उरल्या, दोन्ही पेट्रोल, दोन्ही व्हीएक्सआय, दोन्ही २०१८ च्या, दोन्ही फर्स्ट ओनर. लाल गाडी एमएच १२, मीटरवर ४१ हजार, मागत होते ५ लाख १०. पांढरी एमएच ११, मीटरवर ९६ हजार, मागत होते ४ लाख ६०. मेव्हण्याचं म्हणणं सरळ होतं, "दाजी, ५५ हजार किलोमीटर जास्त चाललेली गाडी कोण घेतं?" आणि बहुतेक लोक असाच विचार करतात, म्हणून दोन्ही गाड्या शेजारी शेजारी ठेवून काय काय बघितलं ते सविस्तर लिहितोय, कारण किलोमीटर म्हणजे गाडी किती लांब गेली एवढंच, कशी गेली ते मीटर सांगत नाही.

आधी एक साधा हिशोब करा. पुण्यात ऑफिसच्या वेळेला गाडीचा सरासरी स्पीड ताशी २० धरला तरी खूप झालं, म्हणजे ४१ हजार किमी काढायला इंजिन साधारण २,०५० तास चाललं. पांढरीवाले काका दर आठवड्याला सातारा-पुणे हायवेने ये-जा करणारे, तिथे सरासरी ५५ धरला तर ९६ हजार किमीला होतात १,७४५ तास. म्हणजे मीटरवर निम्म्याहून कमी दिसणारी गाडी प्रत्यक्षात जास्त तास चाललीय, आणि ते तासही पहिल्या-दुसऱ्या गिअरचे, हाफ क्लचचे, सिग्नलला एसी लावून उभं राहण्याचे. हायवेला पाचव्या गिअरमधे एका लयीत चालणाऱ्या इंजिनला तेवढा त्रास होत नाही. पण हा फक्त अंदाज, यावर गाडी घ्यायची नसते, खुणा गाडीवर शोधायच्या असतात.

मी सगळ्यात आधी पेडल बघतो, बोनेट नंतर. लालच्या क्लच पेडलचं रबर डाव्या कडेला पूर्ण गुळगुळीत झालेलं, रेघा गायब, ब्रेकचंही तसंच. ४१ हजारांना एवढी झीज म्हणजे एकतर शहरात क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवलीय किंवा मीटर मागे फिरवलाय. सर्व्हिसची बिलं जुळली त्यामुळे मीटर खरा निघाला, मग उरलं पहिलंच कारण. पांढरीच्या क्लचच्या रेघा बोटाला लागत होत्या, झिजलेलं होतं ते अॅक्सिलेटरचं पेडल, आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली. सीट खराब दिसली म्हणून मेव्हणा नाराज झाला पण ती बसून झिजलीय, तिचा इंजिनशी काही संबंध नाही, सीट कव्हर टाकलं की विषय संपला.

आता टायर, कारण ड्रायव्हरचा स्वभाव टायरवर जेवढा दिसतो तेवढा कुठेच दिसत नाही. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे १७२२ असेल तर २०२२ चा १७ वा आठवडा. लालचे पुढचे दोन्ही टायर १७२२ चे आणि बिलावर तेव्हाचं रीडिंग २४ हजार. एवढ्या हलक्या गाडीला कंपनीचे टायर २४ हजारांत जात नाहीत हो, ते ४० हजार तरी आरामात चालतात, वळणावर स्पीड न कमी करता गाडी घातली आणि ब्रेक करकचून मारले की जातात. आणि हे नवीन टायरसुद्धा बाहेरच्या कडेला गोल झालेले. (कडा नेहमी दोन्ही बघा. आतली-बाहेरची दोन्ही कड झिजली असेल तर हवा कमी ठेवून चालवलीय, फक्त मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त, एका चाकाची एकच कड असेल तर अलाइनमेंट किंवा वाकलेला पार्ट.) मागचे दोन वेगळ्याच ब्रँडचे. पांढरीचे चारही टायर एकाच कंपनीचे, ०८२३ चे, सगळीकडे सारखे झिजलेले, आधीचा सेट नाही म्हटलं तरी पाचेक वर्ष टिकलेला.

ब्रेकमधेही तेच. चाकाच्या फटीतून डिस्क दिसते, तिच्या कडेवरून बोट फिरवा (गाडी थंड असताना, नाहीतर भाजेल). डिस्क जेवढी झिजते तेवढा कडेला उंच ओठ तयार होतो. लालला तो ओठ नखाला चांगलाच अडकत होता, ४१ हजारांत ब्रेकपॅड दोनदा बदललेले, आणि मोकळ्या रस्त्यावर ८० वरून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरत होतं, म्हणजे डिस्क तापून तापून वाकडी झालीय. पांढरीचे पॅड ५० हजारांना एकदा बदललेत आणि डिस्क अजून कंपनीच्या आहेत. हा माणूस पुण्याहून परत जाताना दरवेळी खंबाटकी घाट चढून उतरतो (तेव्हा साताऱ्याकडून येताना बोगदा होता, जाताना घाट), तरीही डिस्क शाबूत, म्हणजे उतारावर गिअरमधे गाडी सोडतो आणि पुढचं बघून चालवतो. अशा माणसाकडून गाडी घ्यायला मला आवडेल.

क्लच आणि गिअरबॉक्स चालवूनच कळतो. चढावर चौथ्या गिअरमधे ४० च्या स्पीडला अॅक्सिलेटर पूर्ण दाबायचा, आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच सरकतोय. जुन्या कात्रज घाटात लाल नेली तर नेमकं तेच झालं, काटा उडाला आणि पिकअप काही नाही. शिवाय तिसऱ्यातून पटकन दुसरा टाकला की खर्र आवाज, हा सिंक्रोचा (गिअर जुळवून घेणाऱ्या रिंगचा) आवाज, घाईघाईने गिअर पाडणाऱ्यांच्या गाडीत हमखास येतो. क्लच प्लेट बदलता येते, दहा हजारांच्या आसपास काम होतं, पण सिंक्रोसाठी गिअरबॉक्स उघडावा लागतो आणि तिथे खर्चाला अंत नाही. पांढरीचा क्लच थोडा वर पकडतो, म्हणजे अजून वर्षभराने काम निघेल, पण खंबाटकी चढताना सरकला नाही आणि गिअर लोण्यासारखे पडले.

इंजिनचं मात्र दोघांचं वेगळं गणित होतं. या स्विफ्टचं १.२ लिटर इंजिन टायमिंग चेनचं, वेळच्या वेळी ऑइल बदललं तर लाख-दीड लाख किमी त्याला काही होत नाही, सगळा खेळ ऑइलचा आहे. नियम १० हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. लालचा मालक वर्षाला जेमतेम सहा हजार चालवायचा आणि १० हजार झाल्याशिवाय सर्व्हिसिंगलाच जायचा नाही, त्यामुळे मधे एकदा जवळपास दोन वर्षांची गॅप. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघितलं तर काळा चिकट थर. पांढरीच्या झाकणाखाली नुसता पिवळसर-सोनेरी रंग आणि फाइलमधे ओळीने बिलं, दर दहा हजाराला एक. इथे माझा निर्णय जवळजवळ झाला होता.

गाडी बघायला जाताना "मी येईपर्यंत स्टार्ट करू नका" असं आधीच सांगा आणि गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. लाल आधीच गरम करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो तर स्टार्ट केल्यावर टॅपेटचा खडखडाट बराच वेळ चालू, दोन-चार सेकंद आवाज आला तर चालतो, एवढा नाही. निळा धूर बघायचा असेल तर उतारावर गिअरमधे गाडी सोडून खाली आल्यावर एकदम अॅक्सिलेटर द्या आणि मागून दुसऱ्या गाडीतून कुणालातरी बघायला सांगा. दोघींनाही धूर नव्हता, हे लालच्या बाजूने सांगायलाच हवं.

एक स्वस्तातली वस्तू मात्र प्रत्येकाने सोबत ठेवावी, ओबीडी स्कॅनर, काही शे रुपयांत मिळतो, स्टिअरिंगखाली लावायचा आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा. एरर कोड बघतातच सगळे, पण त्यात "कोड पुसल्यापासून किती अंतर" हा आकडा पण असतो, तो बघा. लालमधे आकडा होता ३ किमी. म्हणजे आम्ही यायच्या आधीच कुणीतरी काहीतरी पुसलं होतं. बॅटरी बदलली असेल तरी हे होऊ शकतं, म्हणून बॅटरीचं बिल मागितलं, ते काही निघालं नाही.

चलनही बघा. महाराष्ट्र ट्रॅफिकच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली चलनं दिसतात. एखादं ओव्हरस्पीडचं चलन एक्सप्रेसवेला कुणालाही येतं, त्याचं काही वाटून घेऊ नका, पण लालवर सिग्नल तोडल्याची आणि ओव्हरस्पीडची अशी रांगच होती, तीही शहरातल्या रस्त्यांवरची. जाहिरातीतल्या "लेडी ड्रिव्हन", "डॉक्टर युज्ड" या शब्दांपेक्षा हा पुरावा मी कधीही जास्त मानीन.

आता पांढरी कुठे कमी पडली तेही बघू. लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनमधले रबर) गेलेले, खड्ड्यातून टकटक येत होती, मागच्या एका चाकाचं बेअरिंग ७० च्या पुढे गुणगुणत होतं, बोनेटवर आणि काचेवर बारीक खड्यांचे टवके, हेडलाइट पिवळे. आमच्या फिटरने सस्पेन्शन आणि बेअरिंगचे १४ हजार सांगितले. शिवाय वर्षभरात मीटर लाखाच्या पुढे जाणार आणि उद्या विकायला काढली तर समोरचाही मेव्हण्यासारखंच बोलणार, हा तोटा खरा आहे. दोन-तीन वर्षांतच विकायची असेल तर कमी किमीची, पण नीट वापरलेली, दुसरी एखादी शोधा. मात्र ही झीज सगळी बाहेरच्या पार्टची आहे, पार्ट बदलला की संपली. लालची झीज आतली आहे.

उलटा निकाल कधी लागेल? पांढरीची बिलं नसती तर मी ९६ हजारांच्या गाडीला हात लावला नसता. ती आधी पिवळ्या पाटीची टॅक्सी असून नंतर प्रायव्हेट केलेली असती तरी नाही, ते आरसीच्या इतिहासात आणि पाटीच्या कडेला राहिलेल्या रंगात बघा. सातारा-सांगली-कोल्हापूरकडची गाडी असेल तर २०१९ च्या पुराचा विचार करा, चिपळूणची असेल तर २०२१ चा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि त्यावर चिखलाची रेघ दिसतेय का बघा, सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का बघा. आणि बीएस ६ डिझेल घेत असाल तर कमी किमीच्या शहरी गाडीपासून जास्तच जपून, छोट्या छोट्या फेऱ्यांनी डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर) चोक होतो आणि ते काम महागात पडतं, तिथे हायवेची गाडी डोळे झाकून पुढे.

लालवाल्याला आम्ही क्लच, डिस्क आणि गिअरबॉक्सचं सांगून भाव विचारला, तो दहा हजारांपेक्षा जास्त कमी करायला तयार नव्हता. पांढरीवाल्या काकांनी फिटरचा कागद बघून ४ लाख ४५ ला होकार दिला. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, लोन आधीच फिटलेलं होतं म्हणून बँकेच्या एनओसीचा प्रश्न आला नाही. इन्शुरन्स आपल्या नावावर करायला १४ दिवस असतात, तो अर्ज त्याच आठवड्यात टाका, आणि एनसीबी (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, नो क्लेम बोनस) आधीच्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे प्रीमियमचा फरक भावात आधीच धरून ठेवा. मेव्हण्याने पहिल्याच रविवारी इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदलून घेतलं, लोअर आर्म पुढच्या पगाराला.