जुन्या जॅकेटांच्या लिलावाचं अ‍ॅप, घ्यायला मजा, विकायला डोकेदुखी

मी बडोद्यात दांडिया बाजारला राहतो, इथे थंडी ती केवढी, पण जुन्या जॅकेटांचं वेड आहे त्याला काय करणार. वर्षभर एका अ‍ॅपवर घेतोय पण आणि विकतोय पण.

घेणाऱ्याला मस्त आहे. आपला जास्तीत जास्त आकडा टाकून ठेवायचा, कोणी वर गेलं की अ‍ॅपच एकेक पायरी चढवतं. मी तर शेवटच्या दहा सेकंदांतच टाकतो आणि तो पण ५००० नाही, ५१३७ असा वाकडा, कारण लोक गोल आकड्यावर थांबतात, आधीपासून बोली लावत बसलात तर उगाच भाव चढतो. लीवाइजचं डेनिम असेल तर लाल टॅबचा, म्हणजे खिशाला शिवलेल्या कंपनीच्या नावाच्या छोट्या पट्टीचा, फोटो मागाच, १९७१ च्या आधीच्या मालावर नावातला ई कॅपिटल असतो, पण कंपनीच्या नव्या रीप्रॉडक्शनवर पण तसाच येतो, म्हणून आतलं धुण्याच्या सूचनांचं लेबल पण बघा.

विकायचं म्हणाल तर वैताग. माझं तपकिरी लेदर जॅकेट, कॉलरचे पोपडे निघालेत हे फोटोसकट लिहिलेलं, ७२०० ला गेलं आणि जिंकलेला बाबा चार दिवस "उद्या करतो भाऊ" करत गायब. सपोर्टवाले म्हणे परत लिस्ट करा, फी परत कापली, आणि दुसऱ्यांदा ४१०० वरच अडकलं. छाती-बाहीचं माप इंचात दिलंय तरी "एल का एक्सएल" विचारतात ते वेगळंच. बायको म्हणते एवढ्या पैशात वर्षभर सेवउसळ झाली असती.

घ्यायला ४ स्टार, विकायला १, तो पण फोटो पटकन चढतात म्हणून.